मोत मावलीची ‘पूजा’: एका शब्दाने झाकलेला वाद

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीची, म्हणजे मोत मावलीची, जत्रा भरली की ‘मेरी मातेच्या पूजेसाठी भाविकांची रीघ’ अशा थाटाच्या बातम्या येतात. पाठोपाठ कुणी ना कुणी विचारतेच, की बायबल एकाच देवाची उपासना सांगते, मग कॅथलिक लोक मारियेची, म्हणजे येशूच्या आईची, पूजा कशी करतात? ४ नोव्हेंबर २०२५ रोजी व्हॅटिकनने मारियेच्या काही बिरुदांविषयी टिपण काढले आणि या प्रश्नाला नवे खतपाणी मिळाले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात इथे खरा मतभेद आहे, आणि तो लहान नाही. पण ‘पूजा’ या शब्दामुळे तो आहे तिथे दिसत नाही, नाही तिथे दिसतो. हे पत्र त्या शब्दापुरते आणि त्यामागच्या आचारापुरते आहे.

मराठीत पूजा हा ऐसपैस शब्द आहे. दसऱ्याला शस्त्रपूजन, दिवाळीत वहीपूजन, घर बांधण्याआधी भूमिपूजन. पत्राच्या मायन्यात वडील ‘तीर्थरूप’ आणि आजोबा ‘पूज्य’. कुदळीला कुंकू लावणारा कंत्राटदार कुदळीला जगाचा कर्ता मानत नाही, हे आपल्याला कुणी समजावून द्यावे लागत नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्राला मात्र ही मोकळीक परवडत नाही. निर्माता एकीकडे आणि त्याने निर्मिलेले सगळे दुसरीकडे, ही रेघ तिथे पहिल्याच आज्ञेत ओढलेली आहे. म्हणून चर्चने ग्रीकमधले शब्द वेगळे काढून ठेवले. ‘लात्रिया’ म्हणजे फक्त देवाला द्यायची आराधना. ‘दुलिया’ म्हणजे संतांना द्यायचा मान. मारियेसाठी ‘हायपरदुलिया’, म्हणजे त्याच मानाची सर्वांत वरची पातळी. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने याचे कारण थोडक्यात दिले: मारिया ही निर्मिलेली व्यक्ती आहे, म्हणून तिला लात्रिया नाही, ती देवपुत्राची आई आहे, म्हणून इतर संतांपेक्षा तिला मान अधिक.

या ‘हायपर’ने पुष्कळांची फसगत होते. दुलिया पहिली पायरी, हायपरदुलिया दुसरी, लात्रिया तिसरी, असा एकच जिना लोक डोळ्यांपुढे आणतात. तसे असते तर टीकाकारांचे म्हणणे बरोबर ठरले असते, कारण भाविक एक पायरी कधी चढून जाईल याचा नेम नसतो. पण इथे जिने दोन आहेत. दुलियाचा जिना कितीही चढलात तरी लात्रियाच्या मजल्यावर दार उघडत नाही. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या चर्चविषयक दस्तऐवजातल्या ६६ व्या परिच्छेदात हेच आहे: मारियेचा सन्मान आगळा असला तरी देवाच्या आराधनेहून तो मुळातच भिन्न आहे.

ही नुसती शब्दांची कसरत आहे असे कुणी म्हणेल. शब्दांची कसरत चुकली की काय होते ते आठव्या शतकात एकदा दिसलेले आहे. ७८७ मध्ये निकाया या गावी भरलेल्या बिशपांच्या दुसऱ्या परिषदेने ठरवले, की प्रतिमांना मानाचे नमन करता येते, आराधना मात्र फक्त दैवी स्वरूपाची. पहिल्यासाठी ग्रीकमध्ये ‘प्रोस्किनेसिस’ आणि दुसऱ्यासाठी ‘लात्रिया’. परिषदेच्या कामकाजाचे जे लॅटिन भाषांतर फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारात पोचले, त्यात नमनासाठी जो शब्द आला तोच लॅटिनमध्ये आराधनेसाठी चालत होता. भरीस भर म्हणून सायप्रसमधल्या कॉन्स्टॅन्शियाच्या बिशपचे वाक्य उलटे झाले. तो म्हणाला होता, की मी प्रतिमांचा मान राखतो आणि आराधना केवळ त्रैक्याला (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या एका देवाला) देतो. भाषांतरात तो त्रैक्याला द्यायची आराधनाच प्रतिमांना देऊन बसला. ७९४ च्या फ्रँकफर्टच्या सभेने हे मत धिक्कारले. म्हणजे जे कुणी बोललेच नव्हते त्याचा ठराव करून निषेध झाला. सुमारे ऐंशी वर्षांनी अनास्तासियसने रोममध्ये नवे भाषांतर केले, तेव्हा त्याने प्रस्तावनेत आधीच्या भाषांतरकाराची खोड नोंदवली: शब्दाला शब्द ठेवत गेला आणि दोन्ही भाषांची वळणे विसरला. मराठी पत्रकारांनी ही प्रस्तावना वाचायला हरकत नाही.

मराठी बायबलमध्ये हा भेद शाबूत आहे, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. मत्तयाच्या चौथ्या अध्यायातल्या दहाव्या ओवीत येशू सैतानाला उत्तर देतो: परमेश्वर तुझा देव याला नमन कर आणि केवळ त्याचीच उपासना कर. यातला ‘केवळ’ उपासनेला जोडलेला आहे, नमनाला नाही. ग्रीक मुळातही तसेच आहे, आणि निकायाच्या परिषदेत नेमका हाच मुद्दा वाचला गेला होता. गोव्यातला कोंकणी ख्रिस्ती रोज ‘नमान मारिये’ म्हणतो. तो नमन म्हणतो, आराधना म्हणत नाही. लोकांनी मारियेला दिलेली नावेही पाहावीत. वांद्र्याला ती ‘मोत मावली’, डोंगरावरची आई. आपले वारकरी ज्ञानेश्वरांनाही माउलीच म्हणतात. गोव्यात ती ‘सायबीण’, म्हणजे स्वामिनी. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची लईराई यांना लोक बहिणी मानतात, तरीही ख्रिस्ती माणसाच्या तोंडी सायबिणीसाठी ‘देवी’ हा शब्द येत नाही. ‘मेरी देवी’ हे बातमीदारांचे अपत्य आहे.

आता शब्द बाजूला ठेवून आचार पाहू. कॅथलिक चर्चमध्ये उभे राहून, कुणालाही काही न विचारता, आराधना कुठे आणि मान कुठे हे ओळखता येते. कुठे पाहायचे ते ठाऊक हवे.

पहिली खूण गुडघा. पवित्र साक्रामेंत, म्हणजे जिच्यात ख्रिस्त स्वतः आहे असे कॅथलिक मानतात ती भाकर, ठेवलेल्या पेटीपुढून जाताना उजवा गुडघा जमिनीला टेकवतात. ती पेटी कुठे आहे ते शेजारच्या अखंड दिव्यावरून कळते. गुड फ्रायडेपासून ईस्टरच्या जागरणापर्यंत क्रुसालाही तसाच गुडघा टेकतात. मारियेच्या मूर्तीसाठी मिस्सेच्या (भाकर आणि द्राक्षरस अर्पण करण्याच्या मुख्य विधीच्या) नियमांत हे नाही. तिचे नाव उच्चारताना डोके किंचित झुकवायचे, एवढेच. तिच्या मूर्तीपुढे लोक दोन्ही गुडघ्यांवर बसून प्रार्थना करतात ही गोष्ट निराळी. ती विनवणीची बैठक आहे. दुसरी खूण धूप. साक्रामेंत, क्रूस, वेदीवरची अर्पणे यांना धूपपात्राचे तीन झोके. संतांच्या मूर्तींना आणि अवशेषांना दोन. मिस्सेच्या नियमावलीतला २७७ वा परिच्छेद हे स्पष्ट सांगतो. हा एका झोक्याचा फरक बहुतेक भाविकांच्याही लक्षात येत नाही, पण वेदीजवळच्या सेवकाला तो पाठ असावा लागतो.

भारतात मात्र या खुणा थोड्या पुसट झाल्या, आणि त्याला परवानगी रोमचीच होती. २५ एप्रिल १९६९ रोजी भारतीय चर्चला बारा रूपांतरे मंजूर झाली. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकणे, चुंबनाऐवजी स्पर्श करून हात डोळ्यांना लावणे, मिस्सेत अर्पणाच्या वेळी आरती, ही त्यांतली काही. हेतू चांगला होता. पण आपल्याकडे हात तर शेजाऱ्यालाही जोडतात. पाश्चात्त्य देशांत शरीराने जो फरक बोलून दाखवला जातो, तो इथे मनातच राहतो. आणि जी आरती देवाला करायच्या अर्पणासाठी मंजूर झाली, तीच एखाद्या उत्साही मंडळाने मारियेच्या मूर्तीपुढे ओवाळली, तर पाहणाऱ्याने काय समजायचे? अशा वेळी छायाचित्राखाली ‘पूजा’ छापणाऱ्याला एकट्याला दोष देता येत नाही.

तिसरी खूण सगळ्यांत भक्कम: कुणाकडे काय मागितले जाते? मारियेच्या लोरेतोच्या लिटनीत, म्हणजे एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचे अशा प्रार्थनेत (कोकणपट्टीत तिला लादाइन, लदीन म्हणतात), सुरुवातीला पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना हाक आहे. तिथे लोकांचे उत्तर ‘आमच्यावर दया कर’. मग ‘पवित्र मारिया’ आली की त्या क्षणापासून उत्तर बदलते: ‘आमच्यासाठी विनंती कर’. पुढे कितीही बिरुदे येवोत, उत्तर तेच. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२० मध्ये तीन नवी बिरुदे घातली, त्यांत ‘स्थलांतरितांचा दिलासा’ हे एक. त्यालाही तेच उत्तर. शेवटी येशूला ‘देवाचे कोकरू’ म्हणून हाक येते आणि उत्तर पुन्हा दयेकडे वळते. ‘नमो मारिया’ (गोव्यातले ‘नमान मारिये’) या प्रार्थनेचा पहिला भाग लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे, देवदूताचे आणि मारियेची नातेवाईक अलिशिबा हिचे शब्द. दुसरा भाग चर्चचा. त्याचे आजचे रूप १५६८ च्या रोमन प्रार्थनापुस्तकाने पक्के केले. त्यातही मागणी एकच, आमच्यासाठी विनंती कर.

जपमाळेवर आक्षेप येतो तो आकड्यांचा. पाच दशकांच्या (दहा-दहा मण्यांच्या पाच गटांच्या) माळेत ५९ मणी, त्यांत ‘नमो मारिया’चे ५३ आणि ‘हे आमच्या बापा’चे ६. बापाच्या वाट्याला सहा आणि आईच्या वाट्याला त्रेपन्न? हिशेब बरोबर आहे, पण माळेचे काम मोजण्याचे आहे. मणी सरकत असताना मन ज्या रहस्यांवर, म्हणजे ठरावीक प्रसंगांवर, ठेवायचे ती २००२ पासून वीस आहेत, आणि त्यांतली फक्त शेवटची दोन, स्वर्गोन्नयन आणि मुकुटधारण, मारियेविषयीची. बाकी अठरा येशूच्या जन्माच्या संदेशापासून पवित्र आत्म्याच्या आगमनापर्यंत. रहस्यावर मन न ठेवता नुसते मणी ओढले तर माळ निकामी होते, हे पोप सहावे पॉल यांनी १९७४ मध्येच बजावले होते. त्याच पत्रात त्यांनी मिस्सा चालू असताना जपमाळ म्हणणे ही चूक ठरवली. तरी मागच्या बाकांवर ती चालते.

चौथी खूण अर्पणाची, आणि तिचा इतिहास सर्वांत जुना आहे. चौथ्या शतकात अरबस्तानात काही स्त्रिया मारियेच्या नावाने भाकऱ्या अर्पण करून मग त्या वाटून खात. ‘कोल्लिरिस’ या भाकरीच्या नावावरून त्यांना कोल्लिरिडियन म्हटले गेले. एपिफानियस या बिशपने त्यांची कडक हजेरी घेतली: मारियेला मान द्या, पण आराधना पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याची, मारियेची आराधना कुणीही करू नये. मारिया-आराधनेवरचा हा हल्ला प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक लूथर याच्या हजारएक वर्षे आधी चर्चच्या आतून झालेला आहे. आणि एपिफानियस सायप्रसमधल्या सालामिसचा बिशप होता. सालामिसचेच नवे नाव कॉन्स्टॅन्शिया. ७८७ मध्ये ज्या बिशपचे वाक्य उलटे झाले, तो याच गादीवरचा. तेव्हापासून आजवर कसोटी तीच: यज्ञ कुणाला अर्पण होतो? जत्रेच्या दिवशीची मिस्सा मारियेच्या सन्मानार्थ असते, पण वेदीवरची प्रार्थना पित्याला उद्देशून, ख्रिस्ताच्या द्वारे. मिस्सेतल्या मुख्य प्रार्थनेच्या (ख्रिस्तयाग-प्रार्थनेच्या) दुसऱ्या क्रमांकाच्या नमुन्यात मारियेचे नाव एकदाच येते, तेही ‘तिच्यासह आम्हालाही वाटा मिळो’ या अर्थाने.

एवढे सांगून कॅथलिकांनी हात झटकू नयेत. नियम स्वच्छ असले म्हणून आचार स्वच्छ असतोच असे नाही. मोत मावलीच्या वाटेवर मेणाची बाळे, घरे, हात-पाय विकायला असतात. दुखरा पाय बरा व्हावा म्हणून मेणाचा पाय वाहणे ही हात पसरण्याची जुनी रीत आहे, तिच्यात बिघडण्यासारखे काही नाही. ‘इतके दे, मग तितके वाहीन’ असा व्यवहार सुरू झाला की ती बिघडते. ‘वेलांकणीची पावते, फातिमाची तेवढी नाही’ हे वाक्य तर सरळ भेसळ आहे, कारण ती एकाच स्त्रीची दोन ठिकाणची नावे आहेत. नोव्हेना म्हणजे नऊ दिवस किंवा नऊ आठवडे सलग प्रार्थना. माहीमची बुधवारची नोव्हेना सर्वधर्मीयांना ठाऊक आहे. पण बुधवार चुकला तर जीव खालीवर होतो आणि रविवारची मिस्सा चुकली तर काहीच वाटत नाही, असा कॅथलिक आपल्याच धर्माचा क्रम उलटा लावतो. ‘ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट होईल’ हे संदेश तर निव्वळ अंधश्रद्धा. प्रार्थनेच्या बाह्य कृतीलाच गुण चिकटवणे म्हणजे अंधश्रद्धा, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा २१११ वा परिच्छेद म्हणतो. सगळ्यांत खोल दोष मात्र वेगळाच आहे: मुलगा कडक आणि आई मवाळ, म्हणून तिच्यामार्फत वशिला. आपल्या घरांत बापाकडून पैसे काढायला आईला पुढे करतात, तोच नमुना स्वर्गात नेऊन बसवायचा. यात मारियेचा मान वाढत नाही, ख्रिस्ताची दया मात्र कमी दाखवली जाते. बायबलमधल्या काना गावच्या लग्नात मारिया नोकरांना येशूविषयी म्हणाली ते एवढेच, की तो सांगेल तसे करा.

मग प्रोटेस्टंटांशी खरा मतभेद कुठे? तो पूजेवर नाही. लूथरने १५२१ मध्ये मारियेच्या स्तोत्रावर आदराने भाष्य लिहिले. ‘देवमाता’ ही ४३१ च्या इफिससच्या परिषदेची संज्ञाही त्याने नाकारली नाही. ती संज्ञा मुळात येशू कोण हे ठरवण्यासाठी होती. वाद आहे तो हाक मारण्याचा. १५३० च्या आउग्सबुर्गच्या कबुलीजबाबाचे, म्हणजे लूथरपंथीयांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्याचे, एकविसावे कलम सांगते, की संतांचे स्मरण करा, त्यांचा कित्ता गिरवा, पण त्यांचा धावा करू नका. आधार, पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली पाचवी ओवी: देव आणि मानव यांच्यामध्ये मध्यस्थ एकच. कॅथलिक उत्तर देतो, की त्याच अध्यायाच्या पहिल्या ओवीत पौल एकमेकांसाठी विनंत्या करायला सांगतो. शेजारणीला ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ म्हटल्याने ख्रिस्ताचे मध्यस्थपण घटत नाही, तर मारियेला म्हटल्याने का घटावे? प्रोटेस्टंटाचे प्रत्युत्तर वजनदार आहे. शेजारीण जिवंत आहे, समोर आहे. जी देह ठेवून गेली ती एकाच वेळी शेकडो भाषांतल्या लाखो विनंत्या ऐकते असे मानणे, म्हणजे देवाचा गुण माणसाला चिकटवणे नव्हे काय? अक्वायनसचे म्हणणे असे, की संत हे स्वतःच्या शक्तीने ऐकत नाहीत; देवाच्या दर्शनात त्यांच्याशी संबंधित गोष्टी त्यांना कळतात. हे उत्तर पटेल किंवा न पटेल. त्यासाठी शास्त्रात स्पष्ट वचन हवे असे प्रोटेस्टंट म्हणणार, आणि परंपरेत ते आहे असे कॅथलिक म्हणणार. चर्चा इथे व्हायला हवी. ‘तुम्ही पूजा करता’, ‘नाही करत’ या तू-तू मैं-मैंमध्ये ती इथवर पोचतच नाही.

राहिले व्हॅटिकनचे टिपण. ते विश्वासतत्त्व विभागाचे; पोप चौदावे लिओ यांनी ते ७ ऑक्टोबर २०२५ रोजी, जपमाळेच्या सणाच्या दिवशी, मंजूर केले. त्यात मारियेला ‘सहतारक’ म्हणणे अनुचित ठरवले आहे, कारण तारणारा एकच आणि ‘सह’ लावले की तारणाऱ्या दोघांची जोडी भासते. ‘सर्व कृपांची मध्यस्थ’ या बिरुदाबाबतही सावधगिरी सांगितली आहे. भक्ती, जपमाळ, सण यांपैकी काहीही काढलेले नाही. यात अचानक असेही काही नाही. १९६३ च्या ऑक्टोबरात मारियेसाठी स्वतंत्र दस्तऐवज काढावा की चर्चवरच्या दस्तऐवजातच तिला प्रकरण द्यावे, यावर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मतदान झाले. १११४ विरुद्ध १०७४, अवघ्या चाळीस मतांनी ती चर्चच्या प्रकरणात आली, इतर विश्वासणाऱ्यांच्या रांगेत, सगळ्यांच्या पुढे. २०२५ चे टिपण त्याच रांगेतले आहे. त्याला ‘दर्जा घटवला’ म्हणणे म्हणजे, तिचा दर्जा आधी देवाच्या बरोबरीचा होता असे गृहीत धरणे.

आपल्या उपसंपादकांना एक विनंती. जत्रा, सण, नवस, दर्शन, नोव्हेना हे शब्द खुशाल वापरावेत, वसई-वांद्र्याचे कॅथलिक स्वतःही ते वापरतात. मारियेसंबंधी ‘भक्ती’, ‘वंदन’, ‘सन्मान’ म्हणावे. ‘आराधना’ आणि ‘उपासना’ देवासाठी ठेवावेत. कॅथलिक चर्चमध्ये साक्रामेंताची होते ती आराधना, आणि प्रोटेस्टंट मंडळीत रविवारी भरते ती उपासना, तेव्हा हे दोन शब्द दोघांनाही एकाच अर्थाने कळतात. ‘पूजा’ आणि ‘देवी’ गाळले तर बातमीतले काहीही कमी होणार नाही. पुढची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर असेल.

आपला,
एक वाचक, वसई